चारशे बारा, तब्येत ठीक

डॉ. हुमनाबादकरांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. पोट राहत असे.

हे मी उगाच म्हणत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. काचीगुड्याच्या एका लग्नात जेवणाच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे होते. सफारी सूट घातलेले एक गृहस्थ लगबगीनं आले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ओळखलंत का?" डॉक्टरांनी त्यांना खालून वर नीट न्याहाळलं आणि शांतपणे सांगितलं, "नाही ओळखलं. जरा शर्ट वर करा." करवल्या, वाढपी, मुलीचे मामा, सगळे बघत असताना त्या बिचाऱ्यानं सफारीची खालची दोन बटणं काढली. डॉक्टरांचा चेहरा उजळला. "हां हां, दोनशे सतरा. पित्ताशय. तुमची जखम नवव्या दिवशी पिकली होती, माझी झोप उडवलीत तुम्ही. आता तेलकट खाता का?" गृहस्थांच्या ताटात तीन भजी होती. ती त्यांनी हळूच माझ्या ताटात सरकवली आणि "नाही साहेब, बिलकूल नाही" असं सांगून ते लांबच्या टेबलावर जाऊन बसले.

मी डॉक्टरांच्या विभागात टायपिस्ट होते. हैदराबादचा मोठा सरकारी दवाखाना, नाव सांगत नाही. गोष्ट त्या वर्षांची आहे जेव्हा देशाचे दरवाजे नुकते उघडले होते, आबिड्सच्या दुकानांत परदेशी घड्याळं उघड विकायला लागली होती आणि शेजारीपाजारी प्रत्येकाचा एक तरी भाचा कुठल्या तरी क्लासात कॉम्प्युटर शिकत होता. मला कोणी शिकवला नाही. एका सोमवारी सकाळी सरांनी माझा टाइपरायटर उचलून कपाटावर ठेवला आणि म्हणाले, "सुनंदाबाई, आजपासून हे बंद. वर चला."

वर म्हणजे धुतलेल्या चादरी ठेवायची जुनी खोली. तिथे एक कॉम्प्युटर आला होता, त्याच्यासाठी एसी आला होता आणि दाराबाहेर "चपला इथे काढा" अशी पाटी लागली होती, तीन भाषांत. आमचा शिपाई मल्लय्या नारळ फोडून हळद लावायला पुढे सरसावला, तेव्हा सरांनी त्याचा हात धरला. "नारळ बाहेर फोड. हळद कीबोर्डवर नक्को." त्या दिवसापासून मल्लय्या रोज खोली झाडून झाल्यावर पडद्याला हात जोडायचा. उन्हाळा लागला तशी विभागातल्या सगळ्या डॉक्टरांना आकडेवारीची अचानक आवड निर्माण झाली आणि एप्रिलमध्ये तर अधीक्षकसाहेबही दुपारी "जरा डेटा बघतो" म्हणून यायचे आणि खुर्चीत डोळे मिटून तो बघायचे.

सर मूळचे हुमनाबादचे, जुन्या हैदराबाद राज्यातल्या घरातले. शाळा उर्दूतून झालेली, त्यामुळे मोजणं आणि रागावणं दखनीत, पूजा आणि टोमणे मराठीत, रोग्यांशी तेलुगू आणि परिषदेत इंग्रजी, अशी त्यांची वाटणी होती. लग्न केलं नव्हतं. दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये एकटे राहायचे, डबा यायचा. रागावले की एकच वाक्य म्हणायचे, "याद पे नक्को जाव, कागद बताव." ज्युनियर डॉक्टर म्हणाला की "सर, त्याला ताप नव्हता बहुतेक", की हे वाक्य. कँटीनवाला म्हणाला की साहेबांनी काल दोन चहा घेतले, तरी हेच वाक्य. एकदा एका मंत्र्याच्या पीएनं फोनवर "साहेबांनी मागे तुम्हाला सांगितलं होतं" असं म्हटलं, त्यालाही त्यांनी कागद मागितला. बदली होता होता राहिली.

आता त्यांचं खरं वेड सांगते. बाकीच्या सर्जन मंडळींचं काम टाके काढले की संपायचं. सरांचं तिथे सुरू व्हायचं. "घरी गेल्यावर काय झालं?" हा प्रश्न त्यांना छळायचा. माणूस आपल्या पायांनी दवाखान्याबाहेर गेला म्हणजे बरा झाला, हे त्यांना मान्यच नव्हतं. "तो फाटकातून बाहेर गेला एवढंच सिद्ध होतं, सुनंदाबाई. पुढे रिक्षात बसून कण्हत गेला असेल."

म्हणून त्यांनी कार्डं काढली. त्या काळी पोस्टात जवाबी कार्ड मिळायचं. अर्धं आपण लिहायचं, उरलेलं अर्धं समोरच्यानं फाडून परत टाकायचं. ऑपरेशननंतर एका महिन्यानं, सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षी, पाच वर्षं, आमच्या विभागातून रोग्याला असं कार्ड जायचं. परतीच्या अर्ध्या भागावर पाच प्रश्न मराठी, तेलुगू आणि उर्दूत छापलेले असत. दुखतं का? जखम वाहते का? जेवण जातं का? कामाला लागला का? आणि शेवटी, एकंदर तब्येत: ठीक, ठीक नाही. समोर चौकटी, त्यांत फक्त खूण करायची. लिहिता न येणाऱ्यालाही जमावं म्हणून. खाली दोन ओळी रिकाम्या, काही सांगायचं असेल तर. हे एवढंसं कार्ड बनवायला सरांनी चार महिने घेतले होते आणि छापखानेवाल्याला रडकुंडीला आणलं होतं. आबिड्सच्या पोस्टातला कारकून मात्र कित्येक दिवस समजून होता की डॉक्टरसाहेबांना रेडिओवरच्या स्पर्धेत भाग घेण्याचा नाद आहे. "काही लागलं का साहेब अजून?" असं तो सहानुभूतीनं विचारायचा.

आलेली कार्डं कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम माझं. खुणेला एक, खूण नसली तर शून्य. आणि खालच्या दोन ओळी "इतर" नावाच्या रकान्यात. लोक त्या दोन ओळींत काय काय लिहायचे. म्हैस व्याली. वांगं खाल्लं तर चालेल का. मुलीचं लग्न ठरलं, आपण सहकुटुंब यावे. मी म्हटलं, "सर, म्हैस कशाला भरायची?" सर म्हणाले, "भरा. माणूस म्हशीचं लिहितोय म्हणजे त्याचं पोट दुखत नाही." आणि प्रत्येक कार्डाला ते स्वतःच्या हातानं एक-दोन ओळींचं उत्तर लिहायचे. वाचून आनंद झाला. वांगं चालेल, देठ नको. रोज दुपारी दोन ते तीन. त्या वेळात कोणी दार वाजवलेलं त्यांना खपायचं नाही.

ज्यांचं कार्ड येत नसे त्यांची यादी सरांच्या खुर्चीमागे टांगलेली असायची. वर मोठ्या अक्षरात "गायब". त्यातल्या एकेकाच्या मागे ते हात धुऊन लागायचे. जुन्या शहरातल्या शब्बीरमियाँ नावाच्या एका शिंप्यानं घर बदललं आणि कार्ड परत आलं. सरांनी त्याच्या मोहल्ल्यातल्या इराणी हॉटेलात निरोप ठेवला, पानवाल्याकडे ठेवला, बशीरबागेच्या बसच्या कंडक्टरकडे सुद्धा ठेवला. चौथ्या दिवशी शब्बीरमियाँ पांढराफटक पडून विभागात हजर.

"क्या हुआ डाक्टरसाब, अंदर कुछ छूट गया क्या?"

"नै मियाँ. तुम कैसे हैं, पूछना था."

"बस, इत्ताइच?"

"हौ, इत्ताइच."

शब्बीरमियाँ मटकन बाकावर बसला. त्याला पाणी द्यावं लागलं. बरा माणूस तो, पण त्या दिवशी त्याचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं आणि सरांनी मला तेही "इतर"मध्ये भरायला लावलं.

विभागातले लोक हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. शहरात तेव्हा काचेच्या भिंतींचे नवे खाजगी दवाखाने उभे राहत होते, टाय लावलेले विक्रेते नवी यंत्रं दाखवायला रोज येत होते आणि आमचे सर एका बाजूला म्हशींची नोंद ठेवत बसलेले. पण तशाच एका नव्या दवाखान्याचे एक डॉक्टर एकदा ती खोली बघून गेले आणि त्यांनी आमच्या संचालकांना सांगितलं की असं काम त्यांनी परदेशातच पाहिलंय. संचालकांचे कान टवकारले. ठरलं असं की राज्यातल्या सर्जन मंडळींच्या वार्षिक परिषदेत सरांनी पाच वर्षांच्या नोंदींवर पेपर वाचायचा. तो गाजला तर खोली, कॉम्प्युटर आणि कार्डं सर निवृत्त झाल्यावरही चालू राहणार. नाही तर मार्चअखेर सगळं गुंडाळायचं, कारण सर मार्चमध्येच निवृत्त होत होते आणि अधीक्षकसाहेबांचा त्या एसीवर केव्हापासून डोळा होता.

सरांनी विषय निवडला जठराच्या गाठीचा. अवघड आजार. ऑपरेशननंतर पाच वर्षं जगणारे थोडे. आमच्या नोंदीप्रमाणे नऊ जण हयात होते, आणि मुख्य म्हणजे गायब कोणीच नव्हतं. एकूण एक रोग्याचं काय झालं ते आम्हाला माहीत होतं. "एकही गायब नाही" हे वाक्य मी स्वतः पेपरात टाइप केलं तेव्हा सर मागे उभे राहून वाचत होते. म्हणाले, "ठळक करा ते."

त्या नऊ जणांत सरांचा लाडका म्हणजे चारशे बारा. नरसिंगराव बिरादार, झहीराबादच्या पलीकडे हद्दीवरच्या एका गावचे शेतकरी, घरात मराठी बोलणारे. गाठ एवढी मोठी होती की बाकीच्यांनी पोट उघडून परत शिवायचा सल्ला दिला होता. सरांनी ती काढली. घरी जाताना नरसिंगरावांच्या खाटेवर बसून सरांनी त्यांना कार्ड समजावून सांगितलं होतं आणि म्हटलं होतं, "पाच वर्षं कळवत राहा. मला वाट बघायला लावू नका." आणि नरसिंगराव कळवत राहिले. पाचव्या वर्षाचं कार्ड परिषदेच्या आधी महिनाभर आलं. दुखत नाही, जखम वाहत नाही, कामाला लागलो, तब्येत ठीक. खाली वेड्यावाकड्या अक्षरात "पाऊस बरा". सरांनी ते कार्ड वॉर्डभर फिरवलं.

दिवाळीच्या तोंडावर मी बेगम बाजारात खोबरं आणि मिरची घ्यायला गेले. मिरचीच्या दुकानातल्या मुनीमानं माझ्याकडे निरखून बघितलं. "तुमी कार्डवाल्या बाई नव्हं? मी नरसिंगदाजींचा मेहुणा. दवाखान्यात त्यांच्यापाशी मीच व्हतो."

मला इतका आनंद झाला. म्हटलं, "कसे आहेत ते? मागच्याच महिन्यात कार्ड आलं त्यांचं. तब्येत अगदी ठीक आहे म्हणून लिहिलंय."

तो मिरच्या तोलायचा थांबला. "कुनाचं कार्ड? दाजींना जाऊन अडीच वर्षं व्हत आली, बाई."

मी खोबरं तिथेच विसरून घरी आले. परिषद सोळा दिवसांवर. पेपर छापून तयार, पडद्यावर दाखवायच्या पारदर्शक पट्ट्या तयार. हे मला सोडून कोणाला माहीत नव्हतं आणि मी बोलले नसते तर कधी कोणाला कळलंही नसतं. दोन दिवस मी गप्प बसले. कॉम्प्युटर उघडून चारशे बाराच्या ओळी पाहिल्या. दुसऱ्या वर्षाची ओळ आणि तिसऱ्या वर्षाची ओळ जवळजवळ सारखी दिसत होती, फक्त जेवणाच्या रकान्यात एकाच्या जागी शून्य होतं. मग कार्डांचा गठ्ठा काढला. दुसऱ्या वर्षापर्यंत सराईत हात आणि खाली "आपला नरसिंगराव". तिसऱ्यापासून दुसरंच अक्षर, नुकतं गिरवायला शिकल्यासारखं, आणि सही नाही. माझ्याच हातून ती तिन्ही कार्डं गेली होती. मी एक आणि शून्य भरत गेले, अक्षराकडे पाहिलंच नाही. सरांनी पाहिलं असेल, पण निम्मे रोगी दुसऱ्याकडूनच लिहून घेत, त्यांना त्यात काही वाटलं नसावं.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. मला वाटलं होतं, आता दखनी सुरू होईल. सरांनी गठ्ठ्यातलं एकेक कार्ड उलटून पाहिलं आणि ते म्हणाले, "मग बाकीचे आठ?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एका घरानं मेलेल्या माणसाला ठीक म्हटलं असेल, तर दुसऱ्यांनीही कशावरून म्हटलं नसेल? सर म्हणाले, "लोक माझ्यावर माया करतात म्हणून 'ठीक' लिहीत असतील तर तो पेपर कुठला, ते शुभेच्छापत्र झालं." त्यांनी रजा टाकली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतली मला ठाऊक असलेली पहिली.

पुढचे दहा दिवस आम्ही दोघं एसटीनं, रिक्षानं, एकदा तर ट्रॅक्टरवरून आठ घरं फिरलो. मी नवऱ्याला सांगून आले होते की सर्वेक्षण आहे. नलगोंड्याच्या एका आजीनं पोट दाखवायच्या आधी आम्हाला जेवू घातलं. वरंगळच्या एका रेल्वेवाल्यानं आम्ही विमा कंपनीचे समजून दार लावून घेतलं, सरांनी खिडकीतून आवाज दिला तेव्हा उघडलं. आठही जण जिवंत होते, ठीक होते. प्रत्येक घरातून निघताना सर माझ्याकडे न बघता बोटांवर मोजायचे.

बिरादारांचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

नरसिंगरावांच्या पत्नी काशीबाई दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. सरांना पाहून उठल्या आणि डोक्यावर पदर घेऊन भिंतीला लागून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, सरकारी माणूस पकडायला आला. सर आपलं नाव सांगून ओट्यावर बसले. मी म्हटलं, "मावशी, कार्डं तुम्हीच टाकत होतात ना?"

"व्हय. मीच."

"मग त्यांचं झालेलं कळवलं का नाही?"

"कुटं कळवू?" काशीबाई आत गेल्या आणि एक तार घेऊन आल्या. तारेला सरांची सगळी उत्तरं ओवलेली होती, वर आमचं एक कोरं जवाबी कार्ड, घरी जाताना नमुना म्हणून दिलेलं. ते त्यांनी सरांच्या पुढे धरलं आणि एकेका चौकटीवर बोट ठेवत बोलल्या. "साक्षरतेच्या वर्गात जाते मी, वाचायला येतंय आता. हितं इचारलंय, दुखतं का. न्हाई म्हणलं. आता कुटं दुखतंय त्यांना? जखम वाहती का. न्हाई. जेवन, ते सोडून दिलं मी, खूनच केली न्हाई. कामाला लागला का. श्यात पडीक न्हाई ठेवलं, मी करते, म्हनून व्हय म्हणलं. ऱ्हायलं ठीक का ठीक न्हाई." त्यांनी बोट शेवटच्या चौकटीवर टेकवलं. "ठीक न्हाई म्हणलं की तुमी त्यांना बोलवून घेणार. मी कुटून आणू? म्हनून ठीक म्हणलं. गेलेल्या मानसाचं लिवायला तुमच्या कार्डात जागाच न्हाई, डाक्टर."

मी कार्डाकडे पाहिलं. पाच वर्षं ते रोज हाताळत होते. खरंच नव्हती.

सर म्हणाले, "तुम्ही बरोबर लिहिलंत. एकही खोटं नाही त्यात." मग विचारलं, "त्यांना त्रास झाला का शेवटी?" काशीबाईंनी सांगितलं, झाला, पंधरा दिवस. सरांनी तारीख विचारून कागदावर घेतली. निघताना काशीबाई म्हणाल्या, "तुमची चिठ्ठी यायची वर्साला. सावकाश चढा, उन्हात जाऊ नका. त्यांना लिवलेलं. पर वाचायची मीच. दुसरं कोन सांगतंय?"

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. इतका राग आला होता, सरांचा, माझा, त्या कार्डाचा. म्हटलं, "सर, चार महिने घेऊन बनवलेलं कार्ड. एवढी मोठी चौकट राहिली कशी?"

सर खिडकीबाहेर बघत होते. "राहिली नाही. पहिल्या छपाईत होती. सहावी. मी काढली."

"का?"

"टाके काढून घरी निघालेला माणूस असतो, सुनंदाबाई. आपण त्याच्या हातात नमुना देतो. तो बसमध्ये बसून वाचणार. दुखतं का, जेवतो का, मेला का. तसं कसं देणार हातात?" पुढे म्हणाले, "वाटलं होतं, तसं झालं तर लोक कळवतीलच. खालच्या दोन ओळी ठेवल्या होत्या ना."

मी पदर तोंडाशी धरून झहीराबाद ते पटणचेरू रडले. ते माझ्याकडे एकदाही वळले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

परिषदेत पारदर्शक पट्ट्या सरकवायला मीच होते. सरांनी पेपर वाचला. हयात आठ. "एकही गायब नाही" हे वाक्य त्यांनी काढून टाकलं होतं. त्याच्या जागी त्यांनी सांगितलं की एका रोग्याचा मृत्यू आम्हाला अडीच वर्षं कळला नाही आणि दोष कार्ड भरणाऱ्याचा नव्हता, कार्डाचा होता, कारण त्यात मृत्यूची चौकट नव्हती. सभागृहात कुजबुज झाली. त्या काचेच्या दवाखान्याचे डॉक्टर उठले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "सर, तुमच्यासारख्या काटेकोर माणसाकडून इतकी साधी गोष्ट सुटली कशी?"

मला वाटलं, आता सांगतील. सांगायलाच हवं होतं. सगळं सभागृह उभं राहिलं असतं.

"राहून गेली," सर म्हणाले. "लक्षात आलं नाही."

आयुष्यभर दुसऱ्याची आठवण कधी पुराव्यात न धरणारा माणूस तिथे उभा राहून स्वतःच्या विसराळूपणाची कबुली देत होता आणि ती कबुली धादांत खोटी होती. संचालक पहिल्या रांगेतून उठून चहाला गेले.

आठवड्यानं पत्र आलं. मार्चअखेर खोली रिकामी करावी. एसी अधीक्षकसाहेबांकडे गेला, कॉम्प्युटर आस्थापना शाखेत. मल्लय्यानं शेवटच्या दिवशी पडद्याला हात जोडले आणि मग आम्हा दोघांकडे न बघता झाडू घेऊन निघून गेला. त्या खाजगी दवाखान्यानं आमचं कार्ड उचललं, सहावी चौकट घालून. आता मी कुकटपल्लीत मुलाकडे असते. कुठल्याही दवाखान्यात जाऊन आलं की फोनवर विचारतात, अनुभव कसा होता, किती तारे देणार. मी उत्तर देत नाही. आपल्याला कोणी परत लिहिणार नसेल तर कशाला द्यायचं?

निवृत्तीनंतर सरांनी स्वतः नवी कार्डं छापून घेतली, जे रोगी अजून पाच वर्षांच्या आत होते त्यांच्यासाठी. परतीचा पत्ता त्यांच्या भाड्याच्या घराचा. मी रविवारी नोंदी करायला जायचे, साध्या वहीत. पहिल्या रविवारी त्यांनी छापखान्यातून आलेला नमुना माझ्यापुढे ठेवला. मी आधी मृत्यूची चौकट शोधली. नव्हती. पाच प्रश्न तेच होते. त्यांच्या खाली मात्र एक नवा प्रश्न होता आणि त्याला चौकटच नव्हती, फक्त रिकाम्या ओळी. "हे कार्ड लिहिणाऱ्याची तब्येत कशी आहे?"

त्यातलं पहिलं कार्ड सरांनी काशीबाईंना पाठवलं. पाच वर्षं संपली होती, नियमानं जायला नको होतं. पत्ता मीच लिहिला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पाचही प्रश्नांना एकही खूण नव्हती. शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "गुडघे धरतात. बाकी ठीक. तुमची कशी हाय."

सरांनी ते उभ्यानं वाचलं. मग चष्मा पुसून खिडकीपाशी जाऊन परत वाचलं. इतक्या वर्षांत हजारो लोकांनी कळवलं होतं, त्यांना विचारलं मात्र कोणीच नव्हतं. मीही नाही.

"घ्या कागदावर," ते म्हणाले.

"कुठे लिहू, सर? चारशे बाराचं पान आपण बंद केलंय."

"मग उघडा," सर म्हणाले आणि उत्तर लिहायला बसले. त्या दिवशी त्यांना दोन ओळी पुरल्या नाहीत. कार्डाच्या पाठीवर, पत्त्याच्या कडेनं, जागा मिळेल तिथे ते लिहीत राहिले.